त्रिकोण आणि शर्यतीची गणितं: नवी पेठेतल्या रूमवरची वही

८ डिसेंबर, सोमवार

काम एवढंच आहे की एमपीएससीच्या गट क च्या पूर्व परीक्षेमध्ये अंकगणित-भूमितीचे जे थोडे प्रश्न येतात त्यातले त्रिकोणाचे आणि शर्यतीचे हातचे जाऊ द्यायचे नाहीत. पेपर १०० प्रश्नांचा, वेळ १ तास, चार चुकले की एका बरोबरचा मार्क जातो, त्यामुळे 'साधारण येतंय' या लेव्हलचा टॉपिक हा न येणाऱ्या टॉपिकपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण न येणारा आपण सोडतो तरी.

आम्ही तिघी. मी गट क वाली, रूममेट तलाठीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेली, आणि तिची चुलतबहीण, आष्टी तालुक्यातून पोलीस भरतीसाठी आलेली, सकाळी ग्राउंड आणि दुपारी अभ्यासिका. तिला यापुढे भरतीवाली म्हणेन.

सामान: बालभारतीची नववी आणि दहावीची भूमिती (पीडीएफ फुकट मिळते, त्रिकोण, समरूपता आणि पायथागोरसची पानं फक्त प्रिंट केली), आयोगाचे जुने पेपर, आणि अप्पा बळवंत चौकातून घेतलेला एक जुना प्रश्नसंच, १५० रुपये. आधीच्या मालकाने सगळी उत्तरं पेनाने गोल करून ठेवलीयेत आणि त्यातली बरीच चुकीची आहेत. पहिल्यांदा वैताग आला, पण याचाच नंतर फायदा झाला, का ते खाली येईल.

१० डिसेंबर

मिक्स सेट लावला. उत्तरं तपासून नुसतं बरोबर-चूक न लिहिता चूक कुठल्या प्रकारची ते लिहायचं ठरवलं. प्रश्न नीट न वाचणं, एकक (किमी-मीटर), आकृती न काढणं, आकडेमोड, आणि एक रकाना 'कळलंच नाही'. हा शेवटचा रकाना सगळ्यात भरला, म्हणजे रकाने पाडून काहीच कळलं नाही, नुसती वही सुंदर झाली.

१२ डिसेंबर

शर्यत. ज्या एका प्रश्नावर तिघींची उत्तरं वेगळी आली तो असा: १००० मीटरच्या शर्यतीत अ हा ब ला १०० मीटरने हरवतो, तेवढ्याच शर्यतीत ब हा क ला १०० मीटरने हरवतो, तर अ क ला किती मीटरने हरवेल? रूममेट २००, मी १९०, भरतीवाली म्हणाली टाइम दिला नाही तर कसं सांगणार. जुन्या मालकाने पण २०० ला गोल केलाय. २०० हा पर्याय या प्रश्नात असतोच, तो त्यासाठीच ठेवलेला असतो.

अ शेवटाला पोचला तेव्हा ब ९०० वर आहे. ब पूर्ण १००० पळतो तेव्हा क ९०० पळतो, म्हणजे ब ९०० पळेपर्यंत क झाला ८१०. उत्तर १९०. ब चे शेवटचे १०० मीटर अजून पळायचे राहिलेत, आणि त्या १०० मीटरमध्ये क जे १० मीटर अजून मागे पडणार होता ते अजून पडलेलाच नाही, एवढाच तो १० चा फरक.

मग नेहमीसारखं सूत्राचं कार्ड बनवलं: दोन्ही फरकांची बेरीज वजा त्यांचा गुणाकार भागिले शर्यतीची लांबी. १०० + १०० − १० = १९०, झकास. ते कार्ड आरशावर चिकटवलं आणि संध्याकाळपर्यंत ते फेल गेलं. प्रश्न होता, १०० मीटरमध्ये अ ब ला १० ने, २०० मीटरमध्ये ब क ला २० ने, तर ५०० मीटरमध्ये अ क ला कितीने? आता लांबी कुठली घालायची? रूममेटने ५०० घातली, मग १००, मग चिडून २००, तीन वेगळी उत्तरं. गुणोत्तराने बघा: अ:ब १०:९, ब:क पण १०:९ (२०० ला १८०), म्हणून अ:क १००:८१. अ ५०० तर क ४०५, फरक ९५. अर्धं मिनिट पण नाही लागत. कार्ड फाडलं.

१५ डिसेंबर

आज जे सापडलं त्यासाठी ही सगळी वही टाइप करतेय.

त्रिकोण अबक, ड हा अब वर, इ हा अक वर, डइ समांतर बक. अड:डब = ३:२. त्रिकोण अडइ आणि खालचा समलंब चौकोन यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर काय? दहावीचंच आहे. मी धडाधड ९:४ लिहिलं, ३ चा वर्ग आणि २ चा वर्ग. उत्तर ९:१६. कारण समरूप आहेत ते अडइ आणि पूर्ण अबक, त्यांच्या बाजू ३:५, क्षेत्रफळं ९:२५, म्हणून खाली उरले १६. दोनचा वर्ग कुठेच येत नाही, डब ही कुठल्याच समरूप त्रिकोणाची बाजू नाही, तो नुसता उरलेला तुकडा आहे.

हे खोडताना रूममेटने शर्यतीचं पान उघडलं आणि म्हणाली, 'अगं ही तीच चूक आहे.' आणि खरंच तीच. 'अ ब ला १०० मीटरने हरवतो' वाचलं की डोकं १००० आणि १०० धरून बसतं. पण १०० हा तुकडा आहे, ब पळालेलाच नाही तेवढा. पळाला तो ९००. गुणोत्तर १०००:९००, पूर्णाला पूर्ण. त्रिकोणात पण पूर्णाला पूर्ण. प्रश्नात मात्र दोन्ही ठिकाणी तुकडाच दिलेला असतो.

लगेच वहीत जुन्या चुका परत बघितल्या, 'कळलंच नाही' मधल्या कितीतरी 'तुकडा' मध्ये गेल्या. मध्यगेचं पण तसंच, संपातबिंदू मध्यगेला २:१ मध्ये विभागतो, मध्यगा १८ असेल तर शिरोबिंदूकडचा भाग १२, पण मी १८ हाच मोठा भाग धरून उरलेला ९ काढला होता. जुन्या मालकाचे गोल पण तपासले, त्याच्या चुकीच्या उत्तरांत पण मोठा वाटा याचाच. त्याचे आभार, १५० रुपये वसूल.

आता नियम एकच केलाय: गणित सुरू करायच्या आधी दिलेला आकडा तुकडा आहे का पूर्ण ते त्याच्या डोक्यावर लिहायचं, तु किंवा पू. परीक्षेत एवढा वेळ कुठंय असं कुणी म्हणेल, पण एक अक्षर लिहायला काय लागतं.

१८ डिसेंबर

फक्त कोन. अंतर्मध्य (कोनदुभाजक मिळतात तो बिंदू), परिमध्य (बाजूंचे लंबदुभाजक मिळतात तो) आणि शिरोलंबसंपात (शिरोलंब मिळतात तो), या तिन्हींपाशी ब आणि क ला जोडून होणारा कोन. अंतर्मध्यापाशी ९० अधिक अ चा अर्धा, शिरोलंबसंपातापाशी १८० वजा अ, परिमध्यापाशी अ च्या दुप्पट (लघुकोन त्रिकोणात). अ ७० असेल तर १२५, ११०, १४०. पाठ होतात आणि परीक्षेत एकमेकांच्या जागी बसतात.

मी म्हटलं पाठ नको, शंका आली की समभुज त्रिकोण घालून तपासायचं. दोन दिवस हे करत बसलो आणि गोंधळ कमी होईना. मग लक्षात आलं की समभुजात ९० + ३० = १२०, १८० − ६० = १२०, ६० ची दुप्पट पण १२०. तिन्ही बिंदू एकाच जागी, तिन्ही सूत्रं बरोबर! म्हणजे ज्याने तपासत होतो तो त्रिकोण कुठलंही चुकीचं सूत्र पास करत होता.

काटकोन घ्या. अ ९०. अंतर्मध्य आत कुठेतरी, १३५. शिरोलंबसंपात काटकोनाच्या शिरोबिंदूवरच, म्हणून कोन ९०. परिमध्य कर्णाच्या मध्यावर, म्हणून सरळ रेषा, १८०. तिन्ही वेगळे आणि तिन्ही डोळ्यांना दिसतात. याच आकृतीत परित्रिज्या कर्णाच्या निम्मी हे पण फुकटात मिळतं. भूमितीत कुठलंही सूत्र तपासायचं असेल तर समभुज वापरू नका, फार सभ्य त्रिकोण आहे तो, कशालाच नाही म्हणत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

ग्राउंड. भरतीवालीचं म्हणणं होतं की हे सगळं कागदावरचं आहे, पळून बघू. बोहरी आळीतून ३० मीटरचा टेप आणला, २८० रुपये (हा खर्च टाळता आला असता, कुणाच्या तरी साइटवरून मागून आणा), आणि खुणांसाठी पांढरी रांगोळी.

१०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पट्टा आखला. शेवटची रेघ नजरेनेच मारली. भरतीवाली म्हणाली तिरकी आहे, आम्ही म्हणालो सरळ आहे, यावर बराच वेळ गेला. शेजारी भिंतीचं काम चालू होतं तिथले गवंडीकाका मिश्री लावत बघत होते, ते म्हणाले, 'पोरींनो, तीन-चार-पाच मारा की, डोळ्यानं काय बघताय.' पट्ट्याच्या कडेवर कोपऱ्यापासून ४ मीटरवर खूण, शेवटच्या रेघेवर ३ मीटरवर खूण, कोपरा काटकोन असेल तर दोन खुणांमधलं अंतर ५ यायला पाहिजे. आमचं आलं साडेपाचच्या वर. म्हणजे रेघेचं एक टोक जवळजवळ पाऊण मीटर पुढे गेलं होतं, आणि आम्ही तिथे एक-दोन मीटरचे फरक मोजणार होतो! पायथागोरसचा व्यत्यास नववीपासून लिहितेय पण तो कशाला असतो हे आज टेप ताणून धरल्यावर कळलं. काकांनी रेघ स्वतः पायाने पुसून दोरीने परत मारून दिली.

मग शर्यत. भरतीवाली १०० ला पोचली तेव्हा रूममेट ८० च्या आसपास. सोपं गुणोत्तर मिळालं, ५:४. आता नेहमीचा प्रश्न: जिंकणारीला सुरुवातीच्या रेघेच्या २० मीटर मागे उभं केलं तर? सगळे म्हणतात बरोबरी. बरोबरी होत नाही. भरतीवाली १२० पळेल तेवढ्यात रूममेटचे ९६ होतील, म्हणजे ४ मीटरने परत तीच जिंकणार. बरोबरी करायची तर मागे २५ मीटर पाहिजे, कारण हिला १०० पळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती १२५ पळते. आणि मागे न नेता हिला पुढे उभं केलं तर मात्र २० पुरतात. पुढे २०, मागे २५, हे दोन आकडे एकाच जोडीचे आहेत आणि पर्यायात दोन्ही देतात. पुढे सोडता तेव्हा ती १०० पळते, मागे नेता तेव्हा ही १०० पळते, कोण १०० पळतंय तेवढं बघायचं.

प्रत्यक्षात काय झालं? ४ मीटरचा फरक काही दिसला नाही. रूममेट पहिल्या धावेतच संपली होती, दुसऱ्या वेळी साठ मीटरनंतर चालायलाच लागली, आणि भरतीवाली तिच्याकडे बघून हसत स्लो झाली. गणितात 'त्याच वेगाने' असं जे फुकट लिहिलेलं असतं ते ग्राउंडवर फार महाग आहे. सकाळ गेली, पाय दुखतायत, पण २० आणि २५ आता कुणी विसरणार नाही.

२३ डिसेंबर

'५० मीटरने किंवा १० सेकंदांनी'. १ किमीच्या शर्यतीत अ ब ला ५० मीटरने किंवा १० सेकंदांनी हरवतो, अ चा वेळ काढा. इथे 'किंवा' म्हणजे दोन पर्याय नाहीत, एकच गोष्ट दोनदा सांगितलीये: अ पोचला तेव्हा ब ५० मीटर मागे आहे आणि ते ५० पळायला ब ला १० सेकंद लागतात. ब चा वेग ५ मी/से, १००० ला २०० सेकंद, अ ला १९०. हमखास चूक म्हणजे ५ मी/से हा अ चा वेग धरणं. ते १० सेकंद अ पळत नसतो, तो तिकडे पाणी पीत असतो.

भरतीवालीला हे पटकन कळावं म्हणून धावपटू अविनाश साबळेचं उदाहरण घेतलं (तिच्या तालुक्यातला, मांडव्याचा, त्यामुळे विषय काढला की अर्धा तास जातोच). २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळ्यांची शर्यत) केनियाचा किबिवोट ८:११.१५, अविनाश साबळे ८:११.२०. फरक ०.०५ सेकंद. साबळेचा सरासरी वेग ३००० भागिले ४९१.२, म्हणजे ६.१ मी/से, गुणिले ०.०५, आले साधारण ३० सेंमी. म्हणजे ती शर्यत '०.०५ सेकंदाने किंवा एका फुटपट्टीएवढ्या अंतराने' गेली. अर्थात शेवटी दोघं सरासरीपेक्षा जोरात पळत होते, त्यामुळे खरं अंतर थोडं जास्तच असणार. भरतीवालीने ते वाक्य वहीच्या कव्हरवर लिहिलं आणि हा प्रकार तिचा परत चुकलेला नाही.

एककाची भानगड पण तिच्याकडूनच सुटली. तिचं ८०० मीटर ३ मिनिटं २० सेकंदात होतं, २०० सेकंद, म्हणजे ४ मी/से, गुणिले १८/५, ताशी १४.४ किमी. मुलांचं १६०० जर ५ मिनिटं २० सेकंदात झालं तर ५ मी/से, ताशी १८. आणि बोल्टचे १०० मीटर ९.५८ सेकंदात म्हणजे ताशी ३७-३८. आता कुणाचं उत्तर 'माणूस ताशी ७२ किमीने धावतो' असं आलं की ५/१८ उलटं लावलंय हे आकडेमोड न बघता कळतं. रूममेटचं आलं होतं.

२७ डिसेंबर

क्षेत्रफळ. १३-१४-१५ बाजूंच्या त्रिकोणावर हेरॉनचं सूत्र (तिन्ही बाजूंवरून क्षेत्रफळ) लावून रूममेट ७०५६ चं वर्गमूळ काढत बसली, टाइम लावला होता, त्याची वाट लागली. हा त्रिकोण म्हणजे ५-१२-१३ आणि ९-१२-१५ हे दोन काटकोन १२ वर चिकटवलेले. पाया १४, उंची १२, क्षेत्रफळ ८४. तसाच १०-१७-२१: ६-८-१० आणि ८-१५-१७ आठवर चिकटवले, पाया २१, उंची ८, परत ८४. पेपर काढणाऱ्यांना आकडे पूर्णांक ठेवायचे असतात म्हणून अशीच जोडकामं येतात, आधी जोड शोधा, नाही दिसला तरच हेरॉन. अंतर्त्रिज्या क्षेत्रफळ भागिले अर्धपरिमिती: पहिल्याची ४, दुसऱ्याची ३.५.

कोनदुभाजकाचं झटपट झालं. तिसऱ्या बाजूचे पूर्णांक किती येतील हे पण (दोन बाजू ७ आणि १० असतील तर तिसरी ४ ते १६, म्हणजे तेरा. आम्ही तिघींनी ३ आणि १७ पण धरले होते, त्याचा त्रिकोण होत नाही, रेघ होते).

२ जानेवारी

गोल ट्रॅक. ४०० मीटर, वेग ५ आणि ३ मी/से, एकाच दिशेने. पहिल्यांदा कधी भेटतील: ४०० भागिले २, २०० सेकंद. उलट दिशेने: ४०० भागिले ८, ५० सेकंद. इथवर सगळ्यांना येतं. सुरुवातीच्या जागेवर परत एकत्र कधी? क्लासच्या नोट्सप्रमाणे एका फेरीच्या वेळांचा लसावि, म्हणजे ८० आणि १३३.३३ चा. रूममेट तिथेच अडकली, त्या ३३ चं काय करायचं म्हणून.

लसावि सोडा, वेगांचं गुणोत्तर बघा, ५:३. एकाच्या ५ फेऱ्या पूर्ण होतात तेव्हा दुसऱ्याच्या ३ होतात, त्याआधी दोघांच्या एकदम पूर्ण फेऱ्या होऊच शकत नाहीत. ५ फेऱ्या म्हणजे २००० मीटर, भागिले ५, ४०० सेकंद. गुणोत्तर संक्षिप्त रूपात पाहिजे एवढंच सांभाळायचं, १०:६ लिहून दुप्पट उत्तर आणलेलं आहे आम्ही.

यात भरतीवालीने उलट प्रश्न विचारला, तिसऱ्या लेनमधून पळलं तर किती जास्त पडतं? लेन १.२२ मीटर रुंद असते, दोन लेन बाहेर गेलं की त्रिज्या साधारण २.४ मीटरने वाढते, म्हणून राउंडला जवळजवळ १५ मीटर जास्त. सरळ भाग किती लांब आहे, आतली त्रिज्या किती, काहीच लागत नाही, फक्त वाढलेली त्रिज्या गुणिले २π. तिच्या ८०० ला दोन राउंड, ३० मीटरच्या आसपास, ४ मी/से ने ७ सेकंदांवर गेले. ती गर्दी नको म्हणून बाहेरून पळायची आणि टाइम का येत नाही म्हणून डाएट बदलत होती.

५ जानेवारी

टाइम लावून पूर्ण मॉक. शर्यतीचे सगळे सुटले, पण एका साखळीवाल्यावर (चार धावपटू, तीन वेगळ्या लांबीच्या शर्यती) मी तीन मिनिटं घातली आणि त्यामुळे शेवटचे चालू घडामोडींचे प्रश्न वाचायचेच राहिले, जे वाचले असते तर येत होते. आता ठरलंय की आकृती किंवा गुणोत्तर अर्ध्या मिनिटात कागदावर आलं नाही तर पुढे जायचं, आवडता टॉपिक असला तरी. खरं तर आवडता असेल तर जास्तच.

राहिलेलं काम: अपोलोनियसचं प्रमेय (अजून आकृतीशिवाय लावता येत नाही), बाह्य कोनदुभाजक, आणि गोल ट्रॅकवर तिघे असतील तर. तु-पू च्या खुणा केलेली पानं झेरॉक्सला टाकलीत, खालच्या मजल्यावरच्या दोघींना पण पाहिजेत, पण त्यांना उत्तरांशिवायच द्यायची असं रूममेटचं म्हणणं आहे, जुन्या मालकाचे गोल मात्र तसेच राहू द्यायचे.